टेबलाची मोडलेली कड

उजव्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसू लागली, त्यानंतरचे तीन आठवडे मी खुशीत होते. तारखा माझ्या वहीत आहेत, त्यामुळे यात आठवणीची चूक नाही.

निवृत्त होईपर्यंत मी नगरच्या एका दैनिकात डेस्कवर होते. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या, आकडे जुळवायचे, गावांची नावं चुकू द्यायची नाहीत, एवढंच काम. नंतर मिरजगावला भावाच्या घरी राहायला आले. भाऊ काही वर्षांपूर्वी गेला. घरात वहिनी आणि मी, दोघीच असतो. मागच्या हिवाळ्यात दैनिकाने मुलांच्या पुरवणीसाठी लेखमाला मागितली. विषय होता उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्रकार. उजेडाचा क्षण पकडणाऱ्या चित्रकारांची पिढी युरोपात होऊन गेली. त्यांच्या मागून येऊन ज्यांनी तोच उजेड आपापल्या रीतीने मोडला, बांधला, जाड केला, त्यांच्याविषयी. संपादकांची अट होती की नावं आणि सनावळ्या नकोत, रंग कसा लावला ते सांगा, मुलांना घरी करता येईल असं काही द्या. माझीही एक अट होती, ती मी स्वतःला घातली होती. हाताने करून पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

म्हणून मी सरांकडे गेले. नगरच्या एका शाळेत चाळीस वर्षं चित्रकला शिकवून ते गावी परतले होते. त्यांचे आजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेले. घर वेशीजवळ, आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. ते दुपारी आमच्या पडवीत येऊन शिकवत. परदेशी नावं पोरांच्या तोंडी बसत नाहीत, म्हणून त्यांनी चित्रकारांना गावाकडच्यासारखी कामावरून नावं पाडली होती. ठिपकेवाला, जाड रंगवाला, टेबलवाला.

पहिला धडा ठिपक्यांचा. रंग ताटलीत मिसळायचे नाहीत. कागदावर पिवळ्याचा ठिपका, त्याला खेटून निळ्याचा, पुन्हा पिवळ्याचा. ब्रशचं टोक टेकवायचं, ओढायचं नाही. एक कागद भरायला मला दोन दुपारी लागल्या. मग सरांनी तो भिंतीला टेकवला आणि मला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. ठिपके नाहीसे झाले आणि हिरवं दिसलं. ताटलीत कालवलेल्या हिरव्यापेक्षा उजळ.

"हिरवा रंग कागदावर नाही," सर म्हणाले. "तो तुमच्या डोळ्यात तयार झाला."

वहिनी ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून कागद पाहिला.

"रांगोळीचे ठिपके काढले आन् जोडायचे राहिले व्हय, वन्सं?"

"तो जोडतच नाही, वहिनी."

"मग अर्ध्यातनं उठला म्हना की."

जाड रंगवाल्यासाठी पोस्टर कलर पातळ पडत होते. सरांनी त्यात डिंक आणि चाळलेला लाकडाचा भुसा कालवला आणि मला बोथट सुरीने थापायला लावलं. फटकारा वस्तू जशी वाढते तसा द्यायचा. शेतातलं ज्वारीचं ताट असेल तर उभा, नांगरलेली जमीन असेल तर नांगराच्या तासाच्या दिशेने, आभाळात वारा असेल तर गोल. वाळल्यावर त्या रंगाची कागदावर खरी सावली पडत होती. वहिनी म्हणाल्या, गवऱ्या बऱ्या थापल्यात. त्यानंतर सपाट रंग आणि भोवती गडद जाड रेघ, छटा अजिबात नाही. ते समजायला सरांनी चर्चच्या रंगीत खिडकीचं उदाहरण दिलं. तिथे काचेचे तुकडे शिशाच्या पट्टीने धरलेले असतात, तसे इथे रंग रेघेने धरलेले.

या तीन धड्यांवर तीन लेख झाले. छापूनही आले. चौथा टेबलवाल्याचा होता.

टेबलवाला एका जागी उभा राहून बघत नाही, असं सरांनी सांगितलं. फळांची परडी तो वरून बघतो आणि तांब्या समोरून, आणि दोन्ही एकाच चित्रात ठेवतो. टेबलाची पुढची कड डावीकडून येते, मधे कापडाच्या चुण्यांखाली जाते, आणि उजवीकडे बाहेर पडते ती बोटभर खाली. दोन तुकडे जुळत नाहीत. फळाला गोलाई द्यायला तो काळी सावली घालत नाही. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा असे लहान पट्टे शेजारी-शेजारी ठेवतो. उष्ण रंग पुढे येतो, थंड रंग मागे सरतो, आणि पेरू गोल होतो.

"एलिमेंटरी परीक्षेच्या स्थिरचित्रात पोरांनी अशी कड मोडली की मी दोन मार्क कापायचो," सर म्हणाले. "चाळीस वर्षं कापले. आता म्हातारपणी तुम्हाला मोडायला शिकवतोय. वर गेल्यावर ती पोरं मला धरणार."

मी टेबलावर तीन पेरू, तांब्या आणि टॉवेल मांडला. पहिल्या दिवशी माझ्या कागदावर कड सरळ आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही. डेस्कवर आयुष्य गेलेल्या माणसाला ओळ मोडवत नाही, असं मी वहीत लिहिलं आहे. पाचव्या दिवशी मोडली. मात्र कापडाखाली नव्हे. मधोमध ती किंचित वर उचलली गेली होती, फळीखाली कुणी सुपारी सरकवावी तशी. मी मुद्दाम केलं नव्हतं. दिसलं तसं काढलं होतं.

सरांनी कागद हातभर लांब धरून पाहिला. "बाई, जमलं तुम्हाला."

त्या दिवसाची वहीतली नोंद अशी आहे: कड आपोआप मोडली. सर खूश.

पुढच्या दिवसांत ती रोज मोडत गेली. फुगवटा वाढला. तांब्याचा काठ एका बाजूला खचला. एका पेरूच्या मधे मळकट धब्बा येऊ लागला, तो मी करड्या रंगाने भरला आणि सरांनी त्यालाही धाडस म्हटलं. मग मी लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं: काही दिवस सराव केला की डोळा आपोआप तसं पाहू लागतो. हे वाक्य माझ्या नावानिशी पुरवणीत छापून आलं.

लेख आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सर त्यांनी स्वतः काढलेलं एक टेबल घेऊन आले. पडवीच्या भिंतीला लावलं आणि म्हणाले, "मी कड कुठे मोडली ते सांगा."

"मधोमध."

"नीट बघा."

"मधोमध, सर. वर उचलली आहे."

ते हसले नाहीत. "मधे मी हात लावलेला नाही. मी डावीकडे मोडली आहे, कापडाच्या अलीकडे."

मी जवळ गेले. डावीकडे कड खरोखर मोडली होती, ती आता दिसली. पण मधला फुगवटाही होता आणि मी डोकं हलवलं की तो माझ्याबरोबर सरकत होता. सर माझ्याकडे पाहत होते. त्यांनी हमरस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं.

"तो कसा आहे?"

"वाकलेला आहे. टेम्पो धडकला असेल."

"खांब सरळ आहे, बाई."

मग त्यांनी मला एकेक डोळा हाताने झाकायला सांगितला. उजवा झाकला तर खांब सरळ होता, तारांसकट. डावा झाकला तर खांबाच्या मधे बाक होता आणि बाकावर करडा डाग. डाग पुसला जात नव्हता. मी डोळा मिटून उघडला, पुन्हा मिटून उघडला. माझ्या तळहाताला घाम सुटला होता आणि तो डोळ्याला लागून डोळा चुरचुरू लागला. पेरूतला धब्बा मला आठवला. तो पेरूत नव्हता.

सर पडवीच्या पायरीवर बसले. "मी मार्क दिले," ते म्हणाले. "चाळीस वर्षं कापले आणि नेमके इथे दिले."

 मला तेव्हा फक्त उजव्या डोळ्याचं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वहिनी मला नगरला घेऊन गेल्या. डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी संगणकावर त्याचा एक उभा छेद दाखवला, डोंगराच्या नकाशासारखा. सपाट असायला हवा तिथे उंचवटा होता. पडद्याच्या बरोबर मधल्या जागी, जिथून आपण वाचतो, नको त्या बारीक रक्तवाहिन्या नव्याने उगवल्या होत्या आणि त्यांतून पाणी झिरपून खाली साठलं होतं. वयामुळे होतं, त्या म्हणाल्या. पडदा उचलला गेला म्हणून रेघ उचललेली दिसते.

"कधीपासून दिसतंय असं?"

मला तारीख माहीत होती. वही पिशवीत होती. "तीन आठवडे," मी म्हणाले.

"मग एवढे दिवस आला का नाहीत?"

"मला वाटलं, मला चित्रकला यायला लागली."

डॉक्टरांनी वर पाहिलं. मी विनोद करते आहे का, हे त्या बघत असाव्यात. वहिनी म्हणाल्या, "खरं सांगत्यात. मास्तरनी शाबासकीबी दिल्ती."

महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं डोळ्यात घ्यायची होती. तीन आठवडे आधी आला असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. किती बरं, ते सांगता येत नाही. "गेलेली नजर परत येईल असं मी म्हणत नाही. आहे ती राखायचा प्रयत्न करू. आणि डावा डोळा. त्याच्यातही सुरुवातीच्या खुणा आहेत. तो रोज तपासायचा." त्यांनी मला चौकटींचा एक छापील कागद दिला, मधे एक काळा ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. एखादी चौकट वाकली, गळाली, पुसट झाली की त्याच दिवशी यायचं.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते डेस्कला मेल पाठवण्याचं. मागच्या लेखात चुकीचं विधान गेलं आहे, सरळ रेघ वाकडी दिसणे हा सरावाचा परिणाम नाही, असे दिसल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, एवढाच मजकूर. डेस्कवरच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, मुलांची पुरवणी आहे. एवढ्या खुलाशाची गरज आहे का?" मी म्हणाले, आहे. तो छापला गेला. छापलेला मी डाव्या डोळ्याने वाचला. उजव्याने पाहिलं तेव्हा मधले दोन शब्द नव्हते.

त्यानंतरचे दिवस मी नीट सांगू शकत नाही, कारण त्यांत काही घडलं नाही. मी फक्त तपासत होते. चौकटींचा कागद मी भिंतीवर चिकटवला होता, तो दिवसातून एकदा बघायचा होता. मी चाळीस-पन्नास वेळा बघत असेन. दाराची चौकट, फरशीच्या फटी, खिडकीचे गज, ताटाचा काठ. उजवा झाकायचा, डाव्याने बघायचं, श्वास थांबवून. सरळ दिसलं की सोडायचा. मिनिटाभराने वाटायचं, मघाशी घाईत बघितलं. एकदा गॅसवर दूध उतू गेलं तरी मी स्वयंपाकघराच्या दाराची चौकटच बघत उभी होते.  वाचन, लिहिणं, आयुष्यभराचं काम, सगळं आता एका डाव्या डोळ्यावर होतं आणि तो डोळा माझ्याकडे रोज सकाळी नव्याने विश्वास मागत होता.

वहिनी एका शनिवारी शेजारणींबरोबर शिंगणापूरला जाऊन आल्या. तेल वाहिलं, नारळ आणला. माझ्या हातावर खोबरं ठेवत म्हणाल्या, "तुमी तिथंच ऱ्हायला जा, वन्सं. जुन्या घरांना दारं न्हाईत न् चौकटीबी न्हाईत. तपासायला काय घावायचंच न्हाई."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "माजी आई धा वर्सं आंधळी हुती," त्या म्हणाल्या. "पन ती तुमच्यावानी भीत नव्हती. तिला म्हाईत हुतं, मी हाय."

पहिलं इंजेक्शन. टेबलावर आडवं केलं, तोंडावर हिरवं कापड, एका डोळ्यापुरतं भोक. भूल येण्याचे थेंब. पापण्या पकडून ठेवणारी तारेची चिमटी. "वर बघा, पायांकडे नाही, वर," डॉक्टर म्हणाल्या. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर दाब आला, दुखलं नाही. मग नजरेत धुरासारखं काही फिरलं आणि त्यातून तीन काळी वर्तुळं निघाली आणि तरंगत राहिली. मला ओरडायचं होतं. हललं तर सुई हलेल, म्हणून ओरडले नाही. माझा पाय मात्र हलला आणि कुणीतरी तो हाताने दाबून धरला. ते हवेचे बुडबुडे असतात, एक-दोन दिवसांत जातात, असं नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सर रोज येत, पण रंग आणत नसत. बसून चहा पीत आणि जात. दुसऱ्या इंजेक्शननंतर मीच म्हणाले की एक लेख राहिला आहे. टेबलवाल्यानेच एक डोंगर पुन्हा पुन्हा काढला होता, त्याच्याविषयीचा. करून पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. मग सरांनी जामखेडच्या रस्त्याला, डोंगराची रांग दिसते तिथे, मला एसटीने नेलं. बाभळीच्या सावलीत आम्ही बसलो. उन्हाळा लागला होता. डोंगर खडखडीत, तांबूस, वरती आभाळ पांढरं. सरांनी रीत सांगितली. रेघ आधी काढायची नाही. चपटा ब्रश, बोटभर पट्टा, एकाच तिरक्या दिशेने. एक पट्टा ठेवला की थांबायचं, बघायचं, मगच दुसरा. जवळचा पट्टा गेरूचा, लांबचा निळसर. डोंगर अशा पट्ट्यांनी विटांसारखा रचत न्यायचा.

थोड्या वेळाने मी डावा डोळा हाताने झाकला आणि नुसत्या उजव्याने काढू लागले. का, ते सांगणं अवघड आहे. किती गेलं ते कागदावर उतरवून मोजता येईल, असं वाटलं असावं. डोंगराच्या मधे भोक पडलं होतं. कडा भोकाकडे ओढल्या जात होत्या. मी ते भोक करड्या पट्ट्यांनी भरत गेले.

सरांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्या पोराशी असं केलं असेल की नाही, शंका आहे.

"बाई, हे बंद."

"जे दिसतंय तेच काढते आहे."

"त्याने मोडलेली कड त्याने मोडली होती. त्याला सरळ कड दिसत होती. सरळ दिसत असताना त्याने वाकडी ठेवली, म्हणून ते चित्र." त्यांचा आवाज चढला होता. "तुमचं हे चित्र नाही. तुमच्या आजाराचा फोटो आहे. एकदा मी त्याला शाबासकी दिली. आता देणार नाही."

 लेख मी दोन्ही डोळे उघडे ठेवून काढलेल्या दुसऱ्या कागदावरून लिहिला.

तिसरं इंजेक्शन झालं आणि त्यानंतर महिन्याने निकालाचा दिवस आला. त्या दिवशी मी जे केलं ते कधी करीन असं मला वाटलं नव्हतं. तपासणीच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, वर मोठी अक्षरं, खाली लहान होत जाणारी. दर खेपेला डावा डोळा झाकून तो वाचायचा. सुरुवातीला मला वरच्या दोन ओळी आल्या होत्या. त्या दिवशी मी सात वाचल्या. सगळ्या. न अडखळता. तीन महिन्यांच्या खेपांत बाकावर बसून, डाव्या डोळ्याने, माझ्या आधीच्या माणसांकडून ऐकून, तो तक्ता मला पाठ झाला होता. मी ठरवून पाठ केला नव्हता, असं मी त्या क्षणापर्यंत स्वतःला सांगत होते. पण आदल्या दिवशी एसटीत मी तो मनात दोनदा म्हणून पाहिला होता.

तपासणारा माणूस लिहायला वळला आणि थांबला. "आजी, सातवी उलटी वाचा बरं. शेवटापासून."

 मधलं अक्षर म होतं की भ, ते उलट्या बाजूने येईना.

"पाठ केलाय का?"

"हो," मी म्हणाले.

"सगळेच करतात," तो म्हणाला आणि तक्ता बदलला.

नव्या तक्त्यावर पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीत करडा डाग अक्षरांवर बसला, मी डोळा जरा बाजूला नेला आणि ती वाचली. चौथीत पाचपैकी तीन. पाचवी नाही. त्याने पुन्हा विचारलं, अंदाजाने सांगा. मी म्हणाले, अंदाज नाही, दिसत नाही. त्याने आकडा लिहिला.

डॉक्टरांनी फोटो दाखवला. उंचवटा बसला होता, पाणी जवळजवळ सुकलं होतं. डाग राहील. रेघेतला बाक थोडा राहील. इंजेक्शनं आता लांब-लांब अंतराने, पण थांबणार नाहीत. डावा डोळा होता तसाच आहे. आज आहे, असं त्यांनी मुद्दाम म्हटलं.

बाहेर बाकावर वहिनी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"किती वळी आल्या?"

सात म्हणायचा मोह तिथेही झाला. "तीन. आणि चौथीतली तीन अक्षरं."

"मागं दोनच हुत्या न्हवं?"

"दोन."

त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली. थेंबांमुळे दारातला उजेड पांढरा भगभगीत झाला होता आणि पायरी कुठे संपते ते कळत नव्हतं. मी त्यांचा दंड धरला आणि पाय चाचपून खाली ठेवला.